टाके आणि टँक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. सह्याद्रीची उंच शिखरे याच तालुक्यात आहेत, आणि त्यांतच १४२४ मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड आहे. पावसाळ्यात येथे असा पाऊस कोसळतो की चार पावलांवरचा माणूस दिसू नये. परंतु गडाचा माथा कातळाचा आहे. पडलेले पाणी घटकाभरात कड्यांवरून खाली उड्या घेते आणि दरीतल्या ओढ्यांना जाऊन मिळते. चैत्र-वैशाखात त्याच माथ्यावर घशाला कोरड पडते. अशा जागी ज्यांनी मंदिर बांधले, जे लेण्यांत राहिले, ज्यांनी गडावर पहारे केले, त्यांनी पाणी आणावे तरी कोठून? त्यांनी ते कोठूनही आणले नाही. आभाळातून पडलेले पाणीच त्यांनी अडवून ठेवले.

त्यासाठी त्यांनी काळा कातळ फोडून त्यात चौकोनी खड्डे खोदले. एकेक खड्डा पुरुषभर, दोन पुरुष खोल. कोठे त्यावर मूळ खडकाचेच छत राखले आणि छताला आधार म्हणून खडकातलेच खांब न तोडता तसेच उभे ठेवले. छतामुळे ऊन आत शिरत नाही. ऊन शिरत नाही म्हणून पाण्याची वाफ कमी होते. आणि पाणी भर उन्हाळ्यातही असे गार राहते की त्यात हात फार वेळ ठेववत नाही. माथ्यावरचे पाणी खड्ड्याकडे वळावे म्हणून कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या. खोदताना निघालेला दगडही फुकट गेला नाही. तो तटाला आणि मंदिराला लागला. सह्याद्रीतील बहुतेक गडांवर असे खड्डे आहेत. अकोल्यातल्याच रतनगडावर, जेथून प्रवरा नदी निघते, तेथेही ते आहेत. लोक त्यांना 'टाके' म्हणतात. एक असेल तर टाके, अनेक असतील तर टाकी.

ही झाली जिल्ह्याच्या एका टोकाची गोष्ट. आता अहिल्यानगर शहरात यावे. २०२४ पर्यंत या शहराचे नाव अहमदनगर होते. आसपासच्या खेड्यांत अजूनही त्याला नुसते 'नगर' म्हणतात. या नगरात लष्कराचे एक संग्रहालय आहे. १९९४ साली ते उघडले. तेथे पोलादाची पन्नासच्या आसपास धूडे ओळीने उभी आहेत. कुणाची तोफ आकाशाकडे रोखलेली, कुणाचे पट्टे गंजलेले. जुनी रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे, इंग्रजांचा चर्चिल आहे, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत झालेला पॅटन आहे, आणि भारतात बांधलेला विजयंताही आहे. सहलीला आलेली मुले प्रथम त्या पोलादी पट्ट्यांवर हात ठेवून पाहतात आणि मग नावाच्या पाट्या वाचतात. या यंत्रांना मराठीत 'रणगाडा' असे भारदस्त नाव आहे. पण इंग्रजीत, आणि सर्वांच्या बोलण्यात, त्यांना 'टँक' म्हणतात.

टाके आणि टँक. एकात प्यायचे पाणी, दुसऱ्यात तोफेचे गोळे. एक शेकडो वर्षे एका जागी निश्चल, दुसरा शेत, ओढा, खंदक तुडवीत जाणारा. दोघांच्या नावांत एवढे साम्य कसे? योगायोग म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. परंतु शब्दांच्या बाबतीत योगायोग मानण्यापूर्वी थोडी चौकशी केलेली बरी.

चौकशी घरापासूनच सुरू करावी. मराठीत 'टाके' या शब्दाच्या अवतीभवती त्याच तोंडवळ्याचे पुष्कळ शब्द वावरतात. पाथरवट ज्या छिन्नीने दगड घडवतो ती टाकी. 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही म्हण तिच्यावरूनच पडली. पाटा गुळगुळीत झाला, मसाला वाटला जाईना, की त्याला टाकी लावून घेतात, तीही हीच. पण छपरावर पाणी साठवतात ती टाकी वेगळी, आणि मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरतात ती टाकी या दुसरीची धाकटी बहीण. सुईने घालतात तो टाका. गुडघा फुटला की डॉक्टर घालतात तेही टाके. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेला खंडोबा असतो, तो टाक. दौतीत बुडवून ज्या लेखणीने पूर्वी शाळेतली मुले लिहीत, तोही टाक. 'टाक' अशी कुणी आज्ञा केली तर तो 'टाकणे' या क्रियापदाचा टाक. त्याचा वरच्या टाकांशी संबंध नाही.

आता 'विहिरीजवळचे टाके पाहा' आणि 'जखमेचे टाके पाहा' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली तर शब्द अक्षराने तोच आहे. पण पहिला नपुंसकलिंगी एकवचनी आहे आणि दुसरा पुल्लिंगी अनेकवचनी. ऐकणारा मात्र क्षणभरही गोंधळत नाही. शेजारचा शब्द त्याला वाट दाखवतो. विहिरीजवळ पाणी असते, जखमेत दोरा. शब्दाचा अर्थ केवळ त्या शब्दात राहत नाही. बराचसा त्याच्या शेजारपाजारात राहतो.

छिन्नीची टाकी संस्कृतातल्या 'टंक' या शब्दावरून आली. टंक म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी. नाण्यालाही टंक म्हणत. नाणी पाडण्याची जागा ती टंकशाळा, म्हणजेच आपली टांकसाळ. यंत्रावर अक्षरे उमटवण्याला विद्वानांनी 'टंकलेखन' हे नाव दिले, तेही याच घराण्यातले. टाके टाकीनेच खोदतात, तेव्हा टाके हाही शब्द टंकापासूनच निघाला असावा, असे म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. पण नुसत्या मोहावर शब्दाची वंशावळ लिहिता येत नाही, आणि या बाबतीत विद्वानांचे एकमत नाही. निश्चित सांगता येते ते एवढेच की वस्तू शब्दापेक्षा फार जुनी आहे. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत जे प्राचीन प्राकृत शिलालेख आहेत, त्यांत दात्यांनी खोदवून दिलेल्या अशाच पाण्याच्या खड्ड्याला 'पोढी' म्हटले आहे. तो शब्द पुढे मागे पडला आणि टाके राहिले.

त्या टाक्याच्या लेखनात एक खूण होती, ती आता पुसली गेली आहे. जुन्या मराठीत हा शब्द 'टांकें' असा लिहीत. मोल्सवर्थसाहेबांच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशातही तो असाच आहे. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम मान्य झाले, त्यांत उच्चार न होणारे अनुस्वार गळाले, आणि 'टांकें'चे 'टाके' झाले. लिहिणाऱ्या मुलांची मोठीच सोय झाली, यात शंका नाही. मात्र 'टांकें' आणि 'टँक' हे शब्द पूर्वी एकमेकांशेजारी ठेवले असते, तर त्यांच्यातले नाते डोळ्यांनाच दिसले असते. गुजरातीत तो अनुस्वार अजून ऐकू येतो. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधील वाड्यांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेले तळघर असते. त्याला तेथे 'टांकुं' म्हणतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक गुजरातच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर आले. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी सुरतेस आपली वखार घातली. हे व्यापारी ज्या प्रदेशात उतरले तेथे नद्या उन्हाळ्यात आटत, आणि माणसे, जनावरे, बागा सर्वांचा जीव साठवलेल्या पाण्यावर असे. इंग्लंडात बारा महिने पाऊस. अशा साठवणीची त्यांना सवय नव्हती. साठवणीसाठी लोक जो शब्द वापरीत तोच त्यांनी उचलला. त्या काळच्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात 'टँक' हा शब्द दिसू लागतो आणि तो हिंदुस्थानातील पाण्याबद्दलच येतो.

येथे एक वाद सांगितला पाहिजे. पोर्तुगीज भाषेत 'तांके' असा एक शब्द आधीपासून होता. त्याचाही अर्थ पाण्याचा हौद, आणि त्याचे मूळ साचलेल्या पाण्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यात सापडते. मग इंग्रजांनी शब्द घेतला तो गुजराती-मराठीकडून, की पोर्तुगिजांकडून? अनेक कोशकार असे मानतात की मूळ शब्द हिंदुस्थानातला आणि त्याला पोर्तुगीज शब्दाचा दुजोरा मिळाला. काही जण उलट बाजूने जातात. दोन ओढे एकाच डोहात मिळाले म्हणजे डोहातले कोणते पाणी कुणाचे हे सांगणे कठीण पडते, तसाच हा प्रकार आहे. पण ज्या किनाऱ्यावर हा संगम झाला तो आपलाच, याविषयी वाद नाही.

इंग्रजांनी शब्द घेतला आणि लगेच तो ताणला. आपले टाके म्हणजे लहान, कोरलेले किंवा बांधलेले. हिंदुस्थानातले इंग्रज मात्र मोठ्या तलावालाही टँक म्हणू लागले. हैदराबादच्या हुसेनसागराच्या बांधाला आजही 'टँक बंड' म्हणतात. मुंबईत सी. पी. टँक हा भाग आहे. तेथे कावसजी पटेल यांनी बांधवलेला तलाव होता. तलाव बुजला, नाव उरले. गवालिया टँकही तसाच. गुरे जेथे पाण्यावर आणीत त्या तलावाचे नाव पुढे मैदानाला चिकटले, आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी त्याच मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांची धरपकड झाली. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना आगगाडीत बसवून आणले ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात. तेथेच १९४४ साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला.

तलाव लढाईतही उतरू शकतो, हे नगरच्या लोकांना मात्र त्याच्या तीनशे वर्षे आधीच कळले होते. नगरच्या पूर्वेस भातोडी गाव आहे. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजा निजामशाहीवर चालून आल्या आणि भातोडीजवळ उतरल्या. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यापाशी सैन्य थोडे होते. त्याने तेथील तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, घोडे आणि तोफा रुतल्या, दाणागोटा भिजला. मग अंबराने रात्री-अपरात्री छापे घालून त्यांना हैराण केले आणि अखेर लढाई जिंकली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी या लढाईत पडले. इंग्रजी इतिहासात ज्याला 'टँक' म्हटले असते असा हा पाण्याचा साठा रणांगणात वापरला गेला, तेव्हा लोखंडी टँक जन्मास यायला अजून २९२ वर्षे होती.

तो जन्मला इंग्लंडात. मधल्या काळात तिकडे हा शब्द पाण्यातून लोखंडात शिरला होता. आगगाडीचे एंजिन आले, तेव्हा पाणी साठवण्याच्या लोखंडी पेटीला टँक म्हणू लागले. तेलाच्या, वायूच्या, मद्याच्या पेट्यांनाही तेच नाव पडले. शोभेचे मासे पोहतात ती काचेची पेटीही टँकच. खड्डा गेला, पेटी आली. 'ज्यात द्रव साठतो ते' एवढाच अर्थ मागे राहिला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रान्समध्ये दोन्ही सैन्यांनी खंदक खोदले आणि समोर काटेरी तारा लावल्या. जो खंदकाबाहेर येई त्याला मशीनगन टिपी. महिनोन् महिने कुणीच पुढे सरकेना. तेव्हा तारा चिरडील, खंदक ओलांडील आणि गोळ्यांना दाद देणार नाही अशी गाडी करण्याचे इंग्रजांनी ठरवले. १९१५ साली लिंकन या गावातल्या एका कारखान्यात काम सुरू झाले. गुप्तता तर हवी होती. पण एवढे मोठे धूड लपवायचे कोठे? जे लपवता येत नाही त्याला खोटे नाव द्यावे, अशी युक्ती निघाली. कामगारांना सांगण्यात आले की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी वाहून नेण्याच्या या गाड्या आहेत. ते कुणालाही पटण्यासारखे होते, कारण त्याच वेळी मेसोपोटेमियात लढाई चालू होती आणि तेथे हिंदी सैनिकच मोठ्या संख्येने लढत होते.

नाव ठरवताना एक गमतीचा प्रसंग झाला. 'वॉटर कॅरिअर', म्हणजे पाणी वाहणारी गाडी, हे नाव प्रथम सुचले. परंतु सरकारी समित्यांची नावे आद्याक्षरांनी घेण्याची पद्धत होती, आणि या नावाची आद्याक्षरे डब्ल्यू. सी. अशी होत. त्याचा अर्थ शौचकूप! गंभीर चेहऱ्याच्या अधिकाऱ्यांना अशा नावाच्या समितीवर बसणे नको होते. हौद, जलाशय अशा अर्थांचे दुसरे शब्द पुढे आले, आणि १९१५ च्या डिसेंबरात 'टँक' हा लहानसा, एका फटक्यात उच्चारता येणारा शब्द पक्का झाला. पुढे रेल्वेने नेताना त्यांवर रशियन भाषेत 'पेट्रोग्राडसाठी, जपून न्यावे' अशा अर्थाची अक्षरेही रंगवली. हेराने वाचले तरी त्याने रशियाकडे पाहावे, फ्रान्सकडे नव्हे.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात हे टँक प्रथम लढाईत उतरले. या कामासाठी ४९ नेमले होते. पुष्कळसे वाटेतच बिघडले. वजन सुमारे २८ टन, आत आठ माणसे, आणि वेग ताशी सहा किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतका. आत धूर, उष्णता आणि कानठळ्या बसवणारा आवाज. तरीही धुक्यातून ती यंत्रे पुढे आलेली पाहून खंदकातले सैनिक भयचकित झाले. दुसऱ्या दिवसापासून गुप्ततेची गरज उरली नव्हती. खोटे नाव काढून खरे द्यायला हरकत नव्हती. पण तोवर तेच खरे होऊन बसले होते. आज इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला 'टँक' म्हटले की पाण्याआधी तोफ आठवते.

इतर भाषांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. रशियनांनी 'टँक' हाच शब्द उचलला. फ्रेंचांनी रथाला असलेला आपला जुना शब्द या यंत्राला दिला. जर्मन त्याला 'पांझर' म्हणतात, म्हणजे चिलखत. स्वीडिश भाषेतील शब्दाचा अर्थ शब्दशः 'लढाईचा गाडा' असा होतो, म्हणजे आपला रणगाडाच. मराठीतला 'रणगाडा' हा शब्द उत्तम साधला आहे, हे कबूल केले पाहिजे. त्यात 'ण' आणि 'ड' असे खणखणीत वर्ण आहेत आणि अर्थ शेतकऱ्याच्या पोरालाही समजतो. 'टँक'ला जी ओळख सांगावी लागते ती रणगाड्याला लागत नाही.

नगरशी या लोखंडी टँकचे नाते संग्रहालयापुरते नाही. लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा १९४८ पासून येथे आहे, आणि देशभरचे तरुण अधिकारी रणगाडा चालवण्याचे व त्यातून लढण्याचे शिक्षण येथे घेतात. १९७१ च्या हिवाळ्यात अशाच शिकणाऱ्यांत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल होते. पुण्यात जन्मलेला हा तरुण त्याच वर्षी जूनमध्ये पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाला होता. युद्ध सुरू झाले आणि अभ्यासक्रम अर्ध्यावर टाकून त्यांना आघाडीवर जावे लागले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला गोळा लागून आग लागली. बाहेर पडा, असा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि त्याच रणगाड्यात त्यांना वीरमरण आले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. 'फामागुस्ता' हे त्या रणगाड्याचे नाव. तो दुरुस्त करून नगरच्या त्याच केंद्रात जतन केला आहे, जेथून त्याचा नायक शिक्षण अर्धे सोडून गेला होता.

इंग्रजीत या शब्दाची भ्रमंती थांबलेली नाही. पोहण्याच्या हौदाला एके काळी तिकडे स्विमिंग टँक म्हणत. मुंबई-पुण्यात अजूनही काही जण म्हणतात. त्या हौदात घालायचा बिनबाह्यांचा पोशाख तो टँक सूट, आणि त्याच्यावरून बिनबाह्यांच्या बनियनसारख्या सदऱ्याला 'टँक टॉप' हे नाव पडले. सदऱ्याचा तोफेशी काडीचाही संबंध नाही. एखाद्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जमवलेल्या तज्ज्ञांच्या संस्थेला 'थिंक टँक' म्हणतात. जणू विचारांचा हौदच. खेळाडू मुद्दाम हरला तर त्याने सामना 'टँक केला' असे म्हणण्याची रीत आहे. एवढ्या अर्थांतून इंग्रज मुलगा वाट काढतो ती आपल्यासारखीच, शेजारचे शब्द पाहून.

या शब्दाचे एक रूप मात्र नगर जिल्ह्यात पुन्हा पाणी घेऊन आले. ते म्हणजे टँकर. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो, पण ढग पूर्वेकडे सरकेपर्यंत रिते होतात. पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत हा सारा भाग पर्जन्यछायेचा. पाऊस चुकला की विहिरींचा तळ दिसतो. मग सरकारी टँकर सुरू होतात. गावाच्या कोरड्या विहिरीत टँकर रिकामा करतात, आणि त्याची जाड नळी आत सोडताच काठावर दोर आणि हंडे यांची एकच गर्दी उडते. ज्या मुलींची या वेळी शाळा असते त्यांच्या शाळेचे काय होते, हे त्या गावांना ठाऊक आहे.

भाषा या गोष्टींची नोंद घेते. गेल्या काही दशकांत मराठीत जे नवे शब्द रूढ झाले त्यांत 'टँकरग्रस्त गाव' हा एक आहे. शेजारच्या मराठवाड्याला तर उपहासाने 'टँकरवाडा' म्हटले गेले; ही कोटी करणाऱ्याला हसू आले असेल, ऐकणाऱ्याला ते फार वेळ टिकवता येत नाही. याच्या उलट 'टँकरमुक्त' हा शब्द आहे. त्याचे पूर्वपद इंग्रजीतून आलेले, उत्तरपद शुद्ध संस्कृत. व्याकरणाच्या कडव्या शिक्षकाने असा समास खोडून टाकला असता. पण हा समास कमावण्यासाठी गावेच्या गावे राबली आहेत. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे त्यांपैकी एक. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदानाने डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, बांध घातले, झाडे तोडायची नाहीत असे ठरवले. शेतीसाठी खोल कूपनलिका घ्यायच्या नाहीत, फार पाणी पिणारा ऊस लावायचा नाही, असेही ठरवले. दर वर्षी पाऊस किती पडला ते मोजून, त्या पाण्यात कोणती पिके घ्यायची याचा हिशेब गाव मांडते. असा हिशेब हरिश्चंद्रगडावर टाके खोदणाऱ्याने आपल्या डोक्यात मांडलाच असेल. माथ्यावर माणसे किती, पावसाळा संपल्यावर महिने किती, आणि त्या मानाने खड्डा केवढा.

मराठी शब्दकोशात 'ट' या अक्षराची पाने उघडली तर 'टँकर' हा शब्द इंग्रजीतून आलेला म्हणून दाखवलेला सापडेल, आणि 'टाके' हा मराठी म्हणून. दोहोंमध्ये अंतर असेल ते काही पानांचे. पाचनईच्या वाटेने गड चढून जाणारा वाटसरू मात्र आजही वर पोहोचल्यावर प्रथम टाक्यापाशी जातो, ओणवा होतो, पाण्यावरची वाळकी पाने हाताने बाजूस सारतो आणि आपली बाटली भरून घेतो.